दानावर जगणारा हक्क

ज्या हक्काची पूर्तता दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते त्याला हक्क म्हणणे ही भाषेची विटंबना होय. हे विधान कोणास कठोर वाटेल. पण हैदराबादेत २०२५ च्या जानेवारीत जे घडले ते पाहिल्यावर आम्हांला ते सौम्यच वाटते. त्या शहराच्या नारायणगुडा भागात २०२१ साली तृतीयपंथीयांसाठी एक दवाखाना निघाला होता. त्याचे नाव ‘मित्र’. तेथील डॉक्टर, समुपदेशक आणि कर्मचारी यांत तृतीयपंथी मंडळी होती. एचआयव्हीची तपासणी, उपचारांची सोय, संप्रेरकांविषयीचा सल्ला, मनाच्या दुखण्याची विचारपूस ही सारी कामे तेथे एकाच छपराखाली होत. पुढे कल्याण आणि पुणे येथेही अशीच केंद्रे निघाली, आणि तिन्ही मिळून सुमारे ५,००० लोकांना त्यांचा आधार झाला. हा खर्च अमेरिकन सरकारच्या परदेशी मदतीतून चाले. वॉशिंग्टनमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष अधिकारावर आले, त्यांनी पहिल्याच दिवशी परदेशी मदत थांबवण्याचा हुकूम काढला, आणि त्याच महिन्यात नारायणगुड्यातल्या दाराला कुलूप लागले. हैदराबादचे केंद्र काही महिन्यांनी एका भारतीय विश्वस्तनिधीच्या साहाय्याने, निराळ्या नावाने, पुन्हा उघडले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु विश्वस्तनिधी हाही दाताच. एका दात्याने हात आखडला, दुसऱ्याने पुढे केला. या उलाढालीत भारतीय प्रजासत्ताक कोठे होते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या नावाने बोटे मोडण्यात आम्हांला रस नाही. परक्या करदात्याने आमच्या नागरिकांचे औषधपाणी जन्मभर करावे असा करार कोणी केला नव्हता. लाज वाटायची असेल तर ती आपल्याला वाटली पाहिजे. कारण जे काम त्या तीन दवाखान्यांत चालले होते ते करण्याचे वचन आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, आणि आपल्या संसदेने २०१७ व २०१९ साली, काळ्यावर पांढरे करून दिलेले आहे.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते. एचआयव्हीवरील औषध १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळू लागले. २०१७ पासून तर निदान होताच, प्रतिकारशक्ती किती उरली आहे याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. मग वेगळ्या दवाखान्याची मातबरी ती काय? या उत्तरातील प्रत्येक शब्द खरा आहे, आणि तरीही ते उत्तर खोटे आहे. औषध कपाटात असणे आणि ते रोग्याच्या पोटात जाणे यांच्यामध्ये एक खिडकी असते. तिला केसपेपरची खिडकी म्हणतात. तिच्यापुढे दोन रांगा असतात, एक पुरुषांची व एक बायकांची. साडी नेसलेली, पण कागदोपत्री पुरुषाचे नाव असलेली व्यक्ती कोणत्या रांगेत उभी राहणार? पुरुषांच्या रांगेत टवाळी, बायकांच्या रांगेत कुजबुज. त्यातून पार पडून खिडकीपाशी पोहोचले की कारकून कागदावरचे नाव मोठ्याने पुकारतो, आणि साऱ्या पडवीची मान वळते. दाखल व्हायची वेळ आली तर कोणत्या कक्षात, हा वाद सुरू होतो. तो मिटेपर्यंत रोगी व्हरांड्यात. यातली एकही गोष्ट कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. म्हणूनच ती रद्द करून घेण्यासाठी कोणत्या न्यायालयात जावे हेही कळत नाही.

या खिडकीवरून जो एकदा परतला तो पुन्हा येत नाही. आणि हा रोग असा आहे की येथे ‘पुन्हा येणे’ हाच उपचार आहे. गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर घ्यावी लागते. ती नियमाने घेतली तर रक्तातील विषाणूचे प्रमाण इतके घटते की तपासणीत ते सापडत नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. म्हणजे खिडकीवरच्या एका कुत्सित हसण्याची किंमत रोगी तर देतोच, आणि त्याच्यामागे न दिसणारी आणखी माणसेही देतात. सार्वजनिक आरोग्याचा हिशेब ज्यांना माणुसकीपेक्षा अधिक पटतो त्यांनी निदान हा हिशेब तरी मांडावा.

येथे एका गोष्टीचा उल्लेख विस्ताराने केला पाहिजे, कारण आमच्या परिचयातील सुशिक्षितांनाही ती ठाऊक नसते. तृतीयपंथीयांपैकी पुष्कळ जण संप्रेरके, म्हणजे व्यवहारात ज्यांना हार्मोन म्हणतात ती औषधे, घेतात. ती बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, एखाद्या सखीच्या सांगण्यावरून, औषधांच्या दुकानातून आणली जातात. कारण त्याविषयी विचारावे असा डॉक्टर जवळपास नसतो, आणि असला तर त्याने महाविद्यालयात हा विषय कधी वाचलेला नसतो. अशा व्यक्तीला एचआयव्हीचे निदान झाले की तिच्या मनात पहिली भीती उभी राहते ती ही, की ही नवी गोळी माझ्या जुन्या गोळीचा गुण घालवील काय? उत्तर देणारे कोणी नसले की ती स्वतःच निवाडा करते. ज्या देहासाठी घर सोडले, मार खाल्ला, तो देह ती हातचा जाऊ देत नाही. एचआयव्हीची गोळी मागे पडते. हे अज्ञान नव्हे. उपलब्ध माहितीवर केलेला तो सरळ निर्णय आहे, आणि त्या माहितीतील उणीव भरून काढणे हे डॉक्टरांचे काम आहे. आज सरकारी केंद्रांतून दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राविरयुक्त गोळीचा नेहमीच्या संप्रेरकांशी दखल घेण्याजोगा विरोध नाही, हे वाक्य समजावून सांगायला दहा मिनिटे लागतात. ‘मित्र’मध्ये ही दहा मिनिटे मिळत. जिल्हा रुग्णालयांत ती सहसा मिळत नाहीत.

आता आकडे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ सालच्या पाहणीत हिजडा व तृतीयपंथी व्यक्तींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.७८ टक्के आढळले. त्या वर्षी देशातील सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२१ टक्के होते. म्हणजे अठरा पटींचा फरक. हा आकडा ऐकताच सभ्य गृहस्थ मान डोलावतात आणि म्हणतात, ‘असणारच!’ या ‘असणारच’मध्ये एक न्यायनिवाडा दडलेला आहे, आणि तो आरोपीला न ऐकता दिलेला आहे. ज्या मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षी बापाने घराबाहेर काढले, ज्याला शाळेने ठेवून घेतले नाही, ज्याला पुढे कोणी नोकरीस लावले नाही, त्याच्यापुढे टाळी वाजवून मागणे किंवा देह विकणे याखेरीज आपण कोणता मार्ग मोकळा ठेवला होता? आणि देह विकणाऱ्याला गिऱ्हाईक लागते. ते गिऱ्हाईक कोणत्या वेगळ्या जगातून येत नाही. ते सभ्य गृहस्थांच्या आळीतूनच येते, जास्तीचे पैसे टाकून निरोध नाकारते, आणि रात्री आपल्या घरी परतते. त्याच्या नावाची पाहणी कोणी करीत नाही.

पाहणी करण्याची हौस मात्र राज्याला जुनी आहे. ज्या हैदराबादेत हा दवाखाना निघाला त्याच हैदराबादेत, निजामाच्या राजवटीत, १३२९ फसली म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, षंढांविषयीचा एक कायदा झाला होता. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा तो धडा गिरवलेला होता. शहरात राहणाऱ्या अशा लोकांची नोंदवही ठेवावी, नोंदलेला इसम स्त्रीवेशात रस्त्यावर दिसला किंवा सार्वजनिक जागी नाचगाणे करताना आढळला तर त्याला वॉरंटाशिवाय पकडावे, असा त्याचा मजकूर. निजाम गेला, हैदराबाद संस्थान विलीन झाले, मराठवाडा महाराष्ट्रात आला, आंध्र झाले, तेलंगण झाले. हा कायदा मात्र पुस्तकात सुखाने पडून राहिला. तो घटनाबाह्य ठरवण्यासाठी तेलंगण उच्च न्यायालयाला २०२३ चा जुलै उजाडावा लागला. म्हणजे ‘मित्र’ दवाखाना उघडला तेव्हा त्या शहरात हा नोंदवहीचा कायदा कागदोपत्री जिवंत होता! वहीत नाव घालण्याची यंत्रणा शंभर वर्षे आधी सिद्ध झाली. नाडी पाहण्याची यंत्रणा परदेशी पैशाने, आणि तीही चार वर्षांपुरती.

या मनोवृत्तीची छाया आमच्या नव्या, सहृदय म्हणवणाऱ्या कायद्यांवरही पडलेली आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती राधाकृष्णन व न्यायमूर्ती सिक्री यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर जो निर्णय दिला त्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून प्रथमच संपूर्ण ओळख देणारा तो निर्णय. त्यात सरकारला दिलेल्या आदेशांमध्ये दोन आरोग्याविषयी आहेत. एचआयव्हीच्या रक्तपाहणीसाठी स्वतंत्र केंद्रे चालवावीत हा एक, आणि रुग्णालयांत वैद्यकीय सेवा देण्यासाठी योग्य उपाय योजावेत हा दुसरा. पाच वर्षांनी, २०१९ साली, संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याचे, संसदेने केले तसे, पंधरावे कलम वाचकांनी अवश्य पाहावे. सरकारने आरोग्यासाठी काय काय करावे याची त्यात जंत्री आहे. पहिली बाब: रक्तपाहणीची स्वतंत्र केंद्रे. दुसरी: शस्त्रक्रिया व संप्रेरके यांसह वैद्यकीय सेवा. मग समुपदेशन, मग आरोग्यपुस्तिका, मग वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार. रुग्णालयात सुलभ प्रवेश मिळवून देणे ही गोष्ट सहाव्या क्रमांकावर येते! क्रमाला कायद्यात महत्त्व नसते असे आमचे व्यवसायबंधू म्हणतील. नसेल, पण मसुदा करणाऱ्याच्या मनात प्रथम काय आले हे तो क्रम सांगतो. त्याच्या मनात प्रथम माणूस आला नाही, त्याचे रक्त आले. रक्तपाहणी नको असे आमचे म्हणणे नाही. रोगाचा माग ठेवल्याशिवाय रोग हटत नाही. पण ज्याचे रक्त मोजले त्याला दार उघडले नाही, तर ती पाहणी आणि ती जुनी नोंदवही यांत फरक काय उरला?

याच रक्ताविषयी आणखी एक गोष्ट. २०१७ साली रक्तदात्यांच्या निवडीसाठी ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या त्यांत तृतीयपंथी व्यक्तींना सरसकट वर्ज्य ठरवण्यात आले. व्यक्तीचे वर्तन कसे, तपासणीचा निकाल काय, याचा विचार नाही. जात पाहून पाणी नाकारण्याचाच हा प्रकार. त्याला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. आणि गंमत अशी, की त्याच २०१७ साली याच सरकारने एचआयव्हीबाधितांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणारा कायदा केला.

त्या कायद्याविषयी थोडे अधिक बोलणे प्राप्त आहे, कारण शस्त्र म्हणून तो चांगला आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे किंवा अर्धवट सोडणे त्याने निषिद्ध ठरवले. संमतीशिवाय तपासणी करता येणार नाही, रोग्याची स्थिती उघड करता येणार नाही, न्यायालयात त्याला टोपणनावाने दाद मागता येईल, अशा उत्तम तरतुदी त्यात आहेत. (टोपणनावाची वाट मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच एका मजुराच्या प्रकरणात दाखवून दिली होती, याचा आम्हांला अभिमान आहे.) परंतु एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला हा कायदा अमलात आला तो १० सप्टेंबर २०१८ रोजी. आणि त्याच्या चौदाव्या कलमात एक खिळा राहून गेला आहे. सरकारने विषाणूविरोधी औषधोपचार पुरवावा, कसा? तर ‘शक्य असेल तितपत’. हे शब्द गाळावेत म्हणून रोग्यांच्या संघटनांनी कंठशोष केला. ते गाळले गेले नाहीत. कर्ज फेडीन, शक्य असेल तितपत. पोटगी देईन, शक्य असेल तितपत. असे कोणी न्यायालयात लिहून देऊ लागला तर न्यायाधीश त्याला काय म्हणतील? २०२२ च्या जुलैमध्ये औषधांचा तुटवडा पडल्याची तक्रार घेऊन रोगी दिल्लीत एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरून बसले, तेव्हा या तीन शब्दांचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागला नसेल.

आमच्या व्यवसायात आलेले एक प्रकरण येथे सांगतो. स्थळ व संस्था यांची नावे अर्थातच देत नाही. सीमाभागातील एका शहरात एका तृतीयपंथी व्यक्तीचा पाय अपघातात मोडला. रुग्णालयाने रक्त तपासले. संमती विचारली नाही. निकाल कळताच शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. तिसऱ्या वेळी सोबतच्या गुरूने कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “तुमच्या माणसाला कोणत्या वॉर्डात ठेवायचे ते अजून ठरत नाही.” गुरू म्हणाली, “साहेब, तुम्ही जिन्याखाली ठेवा, पण पाय बसवा.” आम्ही २०१७ च्या कायद्याचे तिसरे कलम उद्धृत करून एक पानाची नोटीस दिली, चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आमचे अभिनंदन झाले. आम्हांला मात्र ते प्रकरण विजयाचे वाटले नाही. मोडका पाय बसवून घेण्यासाठी ज्या नागरिकाला आधी वकील गाठावा लागतो त्याच्यापर्यंत कायदा पोहोचला असे कसे म्हणावे? आणि तो मधला काळ जो पाय वाकडा होऊन बसला, तो नोटिशीने सरळ झाला नाही.

पैसा नाही, हा शेवटचा आक्षेप. तो टिकणारा नाही. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता, केंद्र सरकारने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले होते. एवढ्या रकमेत तीन छोटे दवाखाने बसले नसते काय? ऑगस्ट २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे विमाकवच देण्याचा करारही झाला. पण त्याचा लाभ प्रमाणपत्र असणाऱ्यांनाच. आणि ज्याला घरच्यांनी नेसत्या वस्त्रानिशी हाकलले त्याच्याजवळ कोणत्या पत्त्याचा पुरावा असणार? २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ माणसे मोजली गेली. त्यांतील किती जण प्रमाणपत्राच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले हे सरकारने आपणहून जाहीर करीत राहावे. वेगळ्या कक्षांबद्दलही वाद घातला जातो. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली असा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. वेगळा कक्ष म्हणजे नवी वेस, असे काही तत्त्वनिष्ठ म्हणतात. तत्त्वतः ते बरोबर असेल. पण व्हरांड्यात पडलेल्याला तत्त्वापेक्षा खाट जवळची असते. आज खाट द्यावी, वेशीचा विचार ती दिल्यावर करावा.

दोष सारा सरकारचा, असे म्हणून आपणही सुटत नाही. बेळगावाहून सौंदत्ती फार दूर नाही. यल्लम्माच्या यात्रेत जोगत्याच्या परडीत आपण पीठमीठ घालतो, त्याच्या हातचा भंडारा कपाळी लावतो, तो वाकडे बोलला तर धास्तावतो. घरी मूल झाले की टाळीवाल्यांचा आशीर्वाद शुभ मानतो. तोच माणूस खोकत शेजारच्या बाकावर येऊन बसला की आपण उठतो. आणि गोमंतकीय वाचकांना वेगळी आठवण द्यायला हवी काय? १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानातून त्याचे निदान कळताच, आरोग्य कायद्याच्या नावाखाली क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस पहाऱ्यात ठेवले गेले. तो तृतीयपंथी नव्हता; शिकलेला, नोकरी करणारा, चांगल्या घरातला होता. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली, तरी न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. ज्याच्यामागे आई, शिक्षण आणि वकील होते त्याची ही गत झाली. ज्याच्यामागे यांतले काहीच नाही त्याची काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आम्ही वाचकांना एक काम सांगतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. आणि प्रत्येक राज्यात लोकपाल असला पाहिजे, ज्याने तीस दिवसांत, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो चोवीस तासांत, आदेश द्यावयाचा आहे. आपण पणजीत असा, बेळगावात असा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबादेत असा; आपल्या गावच्या सरकारी रुग्णालयाला माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज करा. तक्रार अधिकाऱ्याचे नाव काय व ते कोणत्या भिंतीवर लावले आहे? राज्याच्या लोकपालाचा पत्ता कोणता व त्याच्याकडे आजवर किती तक्रारी आल्या? तृतीयपंथी रोगी दाखल झाल्यास त्याला कोणत्या कक्षात ठेवावे याचा लेखी आदेश आहे काय, असल्यास त्याची प्रत द्यावी. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी दहा रुपये आहे, आणि उत्तराची मुदत तीस दिवस; परंतु विचारलेली माहिती कोणाच्या जीविताशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात तसे स्पष्ट लिहावे.